पिंपळावरचे घोडीचे दात

झाड आमच्या घोडीनं सोललं, हे मी कधीच नाकारलं नाही. तेव्हाही नाही आणि आजही नाही. दात तिचेच होते. पण "घोडीच वाईट, विकून टाका" म्हणणाऱ्यांना मी तेव्हा जे सुनावलं, ते आजही जसंच्या तसं सुनवायला तयार आहे. वय झालं म्हणून माझं तोंड मऊ झालंय असं कुणी समजू नये.

नावं मात्र मी कुणाचीच सांगणार नाही. त्या वेळची काही माणसं अजून वसाहतीत आहेत, त्यांच्या नातसुना मला चहा पाजतात. घोडीलाही नाव होतं, सासऱ्यांनी हौसेनं ठेवलेलं. पण माणसांची नावं झाकायची आणि तिचं उघडं टाकायचं, हे काही बरं नाही. म्हणून तीही इथं नुसती घोडी.

सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन नाशकात आले. द्वारकेच्या चौकामागं आमची वसाहत होती. सगळी बौद्ध घरं, कुणी रेल्वेत, कुणी शाळेत, कुणी कचेरीत. बैठ्या घरांच्या दोन ओळी, मधे मोकळी जागा, तिच्या टोकाला छोटं विहार आणि विहारासमोर पिंपळ. सासरे टांगेवाले. मी त्यांना मामा म्हणायचे, आमच्याकडं सुना सासऱ्याला तसंच म्हणतात. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. नवरा कचेरीत कारकून आणि वसाहतीच्या मंडळाचा सेक्रेटरी. घरात आम्ही तिघं आणि दाराबाहेर चौथी घोडी. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि स्वभावानं इतकी गरीब की शेजारच्या कोंबड्या तिच्या पाठीवर बसायच्या.

ती बांधली जायची आमच्या दारासमोरच्या त्याच पिंपळाखाली, आणि यावरून पुढं फार आरडाओरडा झाला म्हणून आधीच सांगून ठेवते. वसाहतीत सावली तेवढी एकच होती. शिवाय घोडी तिथं आधीपासून होती, पिंपळ नंतर आला. लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्यावरून ते रोप आणलं तेच मुळी मामांच्या टांग्यातून, मातीच्या गोळ्यासकट, मांडीवर धरून. पहिले दोन उन्हाळे घोडीच्या बादलीतलं उरलेलं पाणी त्याला जायचं. वसाहत त्याला बोधिवृक्ष म्हणायची, पौर्णिमेला त्याच्यापुढं मेणबत्त्या लावायची. मामाही लावायचे. मी आले तेव्हा त्याचं खोड माझ्या मांडीएवढं झालं होतं.

आता माझ्या लग्नाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझं माहेर निफाडकडचं, द्राक्षं आणि उसाच्या पट्ट्यातलं गाव. आमच्या लोकांचा नवरदेव गावात घोड्यावरून आला तर त्यानं वेशीत खाली उतरायचं, देवळासमोरून पायी जायचं आणि आमच्या वस्तीशी आल्यावर पुन्हा बसायचं, अशी तिथली रीत. कुठं लिहिलेली नव्हती, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. माझा नवरा आला तो याच घोडीवर, लगाम मामांच्या हातात. वेशीत माणसं आडवी उभी राहिली. "उतरा." नवरदेवाचा चेहरा पांढराफटक पडला होता, असं माझा भाऊ सांगतो. मामा थांबलेच नाहीत. म्हणाले, "घोडी नवी हाय, दादा. थांबली का उधळती, लाथा झाडती. बाजूला व्हा, लागंल कुणाला." साफ खोटं. त्या घोडीनं आयुष्यात माशी सोडून कुणाला लाथ मारली नव्हती. पण माणसं बाजूला झाली. देवळासमोरून, सगळ्या गावादेखत, घोडी तिच्या नेहमीच्या चालीनं चालत आमच्या दारात आली. मी आत हळदीच्या अंगानं बसले होते आणि तिच्या टापा ऐकत होते. गावातल्या देवळासमोरून आमच्या माणसाच्या घोड्याच्या टापा मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या.

ती माझी आणि घोडीची पहिली ओळख.

पुढं नाशकात रिक्षा वाढल्या. आधी स्टेशनच्या बाजूला, मग द्वारकेला, मग जिकडंतिकडं. टांग्यात बसायला म्हाताऱ्या बायका आणि बोचकी घेतलेले खेडूत तेवढे उरले. पूर्वी सकाळी जुंपलेली घोडी दिवेलागणीला सुटायची. आता दुपारीच परत यायची, कधी कधी जुंपलीच जायची नाही. मामा दारात बसून विडी ओढायचे आणि घोडी पिंपळाखाली उभी राहायची. दोघं एकमेकांकडं बघत दिवस काढायचे. मामांना त्याचं फार लागलं. घोडी वाळायला नको म्हणून त्यांनी तिची चंदी वाढवली, हरभरा, भरडा, चुनी असलं भारीतलं. त्यासाठी गवत कमी केलं. गवतात काय असतं, नुसता काडीकचरा, असं त्यांचं म्हणणं. प्रेमानं माणूस काय काय करतो बघा.

त्याच वर्षी एप्रिलातल्या जयंतीनंतर दोन-चार दिवसांनी मी सकाळी अंगण झाडत होते तर पिंपळाच्या बुंध्यावर ओला, पिवळसर पट्टा दिसला. साल निघालेली, चीक गळतोय आणि त्यावर दातांच्या रेघा. घोडी तोंड हलवत होती. तिच्या ओठाला सालीचा तुकडा चिकटला होता. पुरावा शोधायची गरजच नव्हती.

मामा म्हणाले, "अगं वेडे, हे काय केलंस," आणि तिच्या ओठावरचा तुकडा लेकराचं तोंड पुसावं तसा पुसून टाकला. तोवर समोरच्या घरातली बाई बघून गेली होती. दुपारपर्यंत सगळ्या वसाहतीला कळलं की टांगेवाल्याच्या घोडीनं बोधिवृक्ष खाल्ला.

मग उपाय सुरू झाले. वसाहतीत डॉक्टर एकही नव्हता पण उपाय सांगणारे घरटी दोन होते. एकानं सांगितलं, मिरची लावा. मी पाट्यावर लाल मिरची वाटून खोडाला थापली. घोडीनं एकदा जीभ लावली, फुरफुरली, आणि नाक मामांच्या सदऱ्याला पुसलं. मामा दिवसभर डोळे चोळत बसले. वारा सुटला तसं विहारात वंदनेला बसलेलं माणूस न् माणूस शिंकायला लागलं. मिरची वाळली, खाली पडली, घोडी पुन्हा खोडाशी. मग शेणकाला लावला. तो चालला असता, पण बोधिवृक्षाला शेण फासलं म्हणून दुसरंच भांडण उभं राहिलं. मग गोणपाट गुंडाळलं. घोडीनं आधी गोणपाट खाल्लं आणि मग साल. बाभळीच्या काट्या बांधल्या तर मान वाकडी करून काट्यांच्या वरचं खायची. शेवटी मामांनी बैलाला घालतात तसली काथ्याची मुसकी तिच्या तोंडाला बांधली. ती मुसकीतून खोडाला नाक टेकवून उभी राहिली, डोळे अर्धे मिटून, आणि संध्याकाळी मामांनी स्वतःच ती काढून चुलीत घातली. म्हणाले, "माजं तोंड बांधा वाटलं तर. तिचं नाय बांधायचं."

पावसाळ्यात गवत हिरवं झालं आणि हा प्रकार थांबला. सगळ्यांना वाटलं, सुटली सवय. थंडी सरली, जमीन उघडी पडली आणि घोडी पुन्हा खोडाशी. आता जखम हातभर लांब झाली होती आणि आडवी पसरत चालली होती. साल चारी बाजूंनी गेली की झाड वाळतं, हे शेतातल्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. एका बाजूला अजून धड साल होती, तेवढ्यावर झाड उभं होतं.

मार्च महिन्यात मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष रेल्वेतून रिटायर झालेले, इंजिनावर काम केलेले, त्यामुळं साधं बोलले तरी पलीकडच्या ओळीला ऐकू जायचं. ठरलं असं की जयंतीच्या आत घोडी वसाहतीतून हलवावी. आणि हा ठराव टांगेवाल्याला कळवायचं काम कुणाकडं? सेक्रेटरीकडं. म्हणजे माझ्या नवऱ्याकडं. रात्री जेवताना बापाच्या ताटात भाकरी वाढता वाढता त्यानं तो कळवला.

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. भाकरी अर्धी टाकून उठले. त्या घरात भाकरी टाकून कुणी उठलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मीच बोलले. "हलवायची म्हणजे कुठं? आभाळात बांधायची का?"

"विकायची," नवरा म्हणाला. "तसंही टांग्यात आता काय राहिलंय? सटाण्याकडचा एक माणूस आहे, लग्नाला घोडे पुरवतो. बरा माणूस आहे. चांगली ठेवील."

"तुम्ही आधीच बोलून आलात?"

त्यानं पाण्याचा तांब्या जवळ ओढला. म्हणजे बोलून आला होता. मी त्याला सरळ सांगितलं, "अहो, लाज वाटती ना तुम्हाला? कचेरीतली माणसं घरी येतात, दारात लीद दिसती, वास येतो. झाडाचं निमित्त हाय. वड्याचं तेल वांग्यावर काढू नका." तो ताट सोडून उठला नाही, एवढंच. खाली मान घालून जेवत राहिला. खरं ते त्याला लागलं होतं. लागावं म्हणूनच मी बोलले होते.

पण नुसतं बोलून घोडी राहणार नव्हती. ती झाड का खाते हे कळल्याशिवाय काही खरं नव्हतं. वर्षभर आम्ही झाडालाच औषधं लावत होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सकाळ होताच मामांना उठवलं, टांगा जुंपायला लावला आणि घोडीला घेऊन आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरनं तिचं तोंड उघडलं, दात बघितले, पोटावर कान लावला. मग विचारलं, "खायला काय घालता?" मामांनी अभिमानानं सगळी चंदी सांगितली. डॉक्टर हसला. म्हणाला, "बाबा, हे तुम्ही घोडीला घालताय का पैलवानाला? घोड्याचं जनावर दिवसभर चरायला घडवलंय. थोडं थोडं, पण सतत. तुम्ही देता ते ती तासाभरात संपवते. मग दिवसभर तोंड रिकामं. वर काम नाही, फिरणं नाही, दोन हातांच्या दोरीवर उभी. समोर झाड आहे म्हणून झाड खाते. झाड नसतं तर दार खाल्लं असतं." आम्ही निघताना त्यानं विचारलं, "मीठ देता का?" मामा म्हणाले, "आठवण झाली तर भरड्यात टाकतो चिमूटभर." डॉक्टर म्हणाला, "उन्हाळ्यात आठवण ठेवत जा."

चंदी कमी झाली, गवत वाढलं. तेव्हा पेठकडच्या डोंगरातून गवताच्या गाड्या नाशकात यायच्या, त्यातलं राकट, लांब काडीचं गवत मामा आणायचे. माझा भाऊ निफाडहून उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, एस.टी.च्या टपावर टाकून पाठवायचा. दोरी लांब केली. सकाळ-संध्याकाळ मामा तिला गिऱ्हाईक नसतानाही नुसतंच फिरवून आणायचे, म्हातारा आणि घोडी द्वारकेच्या गर्दीतून हातात हात घातल्यासारखे चालायचे. आणि काय सांगू, घोडीनं झाड सोडलं! दिवस गेले, नवा ओरखडा नाही. जखमेच्या कडेला नवी साल फुगायला लागली. ठराव तसाच पडून राहिला. अध्यक्ष येता-जाता वाकून बघायचे आणि काही न बोलता पुढं जायचे. मी दारातून त्यांच्याकडं बघायचे आणि तेव्हा मात्र मीही काही बोलायचे नाही, कारण न बोलण्यातही मजा असते.

मग जयंती जवळ आली. वसाहतीत झाडलोट सुरू झाली, पताका आल्या, निळे झेंडे आले. दरवर्षीसारखं विहाराला, पाराला, रस्त्याकडेच्या दगडांना आणि पिंपळाच्या खोडाला चुना लागला. पिंपळ जखमेसकट पांढरा शुभ्र झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर घोडीनं दोरीला हिसडे देऊन खुंटा उपटला होता आणि समोर पडलेलं गवत सोडून ती खोडाशी भिडली होती. धड राहिलेल्या सालीत चांगला वीतभर नवा घास. पांढऱ्या चुन्यात तो घाव लांबून दिसत होता.

त्या दिवशी मात्र माझंही अवसान गेलं. अध्यक्ष ओरडले नाहीत, हे सगळ्यात वाईट. हळू आवाजात म्हणाले, "आता पुरे." नवऱ्यानं सटाण्याच्या माणसाला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी मामा घोडीला खरारा करत बसले. सकाळपासून दुपारपर्यंत नुसता खरारा. जाणारं जनावर स्वच्छ असावं म्हणून.

मी रागानं घर पांढरं करायला काढलं. राग आला की मी काम काढते, अजूनही. जयंतीच्या आधी सगळीच घरं चुना लावायची, आमचं तेवढं राहिलं होतं. बादलीत चुना भिजवला, आणि आमच्या बायका घालतात तसं त्यात मूठभर खडेमीठ घातलं. मीठ घातलं की चुना भिंतीला धरून राहतो, पाठ टेकली तरी लुगड्याला लागत नाही. माझ्या आईनं मला शिकवलं, तिला तिच्या आईनं. दाराबाहेरची भिंत लावून झाली, मी आत गेले, पाणी प्यायले आणि बाहेर आले तर खराऱ्यासाठी सोडलेली घोडी माझ्या नव्या भिंतीला जीभ लावून उभी होती. नुसती चाटत नव्हती. कडेचा मातीचा पोपडा दातानं उचकटत होती.

मी तिला हाकलली नाही. हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिले. डॉक्टरचं बोलणं कानात आलं. मीठ देता का? आठवण कुणीच ठेवली नव्हती, भरडा कमी झाला तशी ती चिमूटही गेली होती. आम्ही मीठ भिंतीला देत होतो, पाराला देत होतो, दगडांना देत होतो. पिंपळाचा चुनाही आम्ही बायकांनीच कालवला होता, मिठासकट. आणि वर्षातून एकदा, ऐन उन्हाळ्यात, सगळ्या वसाहतीनं मिळून पिंपळाच्या खोडाला मिठाचा लेप दिला होता आणि वर घोडीला दम भरला होता की चाटू नकोस. गेल्या वर्षीचा पहिला घावसुद्धा जयंतीनंतरच दिसला होता! त्याच्या आधीच्या वर्षांत चुना होताच, पण घोडी दिवसभर रस्त्यावर असायची. तिला उभं राहून चाटायला वेळ कुठं होता?

सटाण्याचा माणूस आला त्याच संध्याकाळी. घोडीभोवती फिरला, पाठ थोपटली, दात बघितले. "घोडी चांगली शे," म्हणाला आणि स्वतःचं दावं तिच्या गळ्यात घातलं. सौदा पुरा करायला अध्यक्ष आणि मंडळाची माणसं पारावर जमली होती. मामा घराच्या उंबऱ्यावर, पाठ करून.

मी जयंतीच्या मांडवाच्या दोन बल्ल्या उचलून आणल्या, दुपारीच दोन बादल्यांत वेगवेगळा चुना भिजवून रंगवलेल्या, आणि पारापुढं उभ्या रोवल्या. एका चुन्यात मीठ, दुसऱ्यात नाही. मिठाच्या बल्लीला लाल दोरा.

"हे काय नाटक?" अध्यक्ष.

"नाटक नाय. घोडामैदान समोरच हाय, बघा," मी म्हटलं आणि घोडीला दाव्यानंच पुढं घेतलं. तिनं बिनमिठाची बल्ली हुंगली आणि सोडून दिली. लाल दोऱ्याच्या बल्लीला जीभ लावली, पुन्हा लावली, आणि मग दात. लाकडाचा कपचा निघाला. अध्यक्ष म्हणाले, योगायोग. मी बल्ल्यांची अदलाबदल केली. ती वळून पुन्हा दोऱ्याकडं गेली. माणसं हसायला लागली. अध्यक्षांनी उठून बल्लीला बोट लावलं, जिभेवर टेकवलं आणि थूः करून थुंकले. "मीठ!" म्हणाले, अगदी इंजिनावरच्या आवाजात.

"पिंपळालाबी हेच लावलं तुम्ही. आपणच लावलं. माज्यासकट."

आता खरं म्हणजे इथं गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. अध्यक्ष पारावर परत बसले आणि म्हणाले, "ठीक आहे, चूक आपली. पण घोडी निर्दोष आहे असं नाही. उद्या पुन्हा झाडाला लागली तर? झाड पुन्हा येणार नाही. सौदा झालाय, जाऊ दे तिला." आणि ते सगळंच खोटं नव्हतं. घोडी काही संत नव्हती. सेक्रेटरी, म्हणजे माझा नवरा, कागदासारखा सरळ उभा. व्यापाऱ्यानं दावं ओढलं.

मी नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिले. चारचौघांत नवऱ्याला बोलायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. मी मोठ्यानं बोलले.

"आमच्या वेशीत माणसं 'उतरा' म्हणत व्हती. तुमचं काळीज पाणी झालं व्हतं, पण ही थांबली नाय, तुम्हाला घेऊन देवळापुढून चालत आली. त्या गावाला हिला मागं फिरवता आलं नाय. आज तुम्ही फिरवा. गावाला जमलं नाय ते सेक्रेटरीनं करून दाखवलं, असं मी माहेरी सांगते."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मग उंबऱ्यावरच्या मामांच्या पाठीकडं. पुढं झाला. व्यापाऱ्याच्या दाव्याची गाठ घोडीच्या गळ्यातून त्यानं सोडली, गाठ पक्की होती म्हणून वेळ लागला, आणि दावं घडी करून व्यापाऱ्याच्या हातात दिलं. "माफ करा," म्हणाला. "घोडी घरातली आहे." मग अध्यक्षांकडं वळून म्हणाला, "झाड मी राखीन. ठरावात लिहून घ्या, नाहीतर नका घेऊ."

व्यापारी भला माणूस, चहा पिऊन गेला. अध्यक्ष जाताना मला म्हणाले, "सूनबाई, तुमचं तोंड म्हणजे इंजिनाची शिट्टी आहे." मी म्हटलं, "हाय. वाजवावी लागती."

दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं खोडावरचा चुना धुऊन काढला, ओल्या फडक्यानं, नखानं. झाडाभोवती खुंट रोवून कुंपण केलं. घोडीच्या दावणीशी दोरीला बांधून मिठाचा मोठा खडा टांगला. ती तो चाटायची आणि झाडाकडं बघायचीसुद्धा नाही. अगदीच नाही असं नको म्हणायला. कधी गवत संपलं, फिरणं चुकलं तर मान लांबवायची. मग मामा म्हणायचे, "ए, सेक्रेटरी बघतोय," आणि ती मान मागं घ्यायची. तशी सवय होती तिला, मामांच्या आवाजाची. जयंतीला तिच्या गळ्यात निळा गोंडा घालून मामांनी तिला मिरवणुकीच्या पुढं चालवलं, द्वारकेपर्यंत आणि परत.

ऐंशीच्या दशकात मामा गेले. घोडी त्यांच्यामागं फार दिवस राहिली नाही. टांगा कुणीतरी भंगारात नेला. द्वारकेला टांग्याचा स्टँड होता हे आता सांगावं लागतं.

पिंपळ मात्र आहे. दोघांच्या कवेत मावत नाही एवढा झालाय. जखमेच्या कडांनी साल फुगून आत आली पण पूर्ण मिटली नाही. माझ्या खांद्याच्या उंचीला ओठांसारखी ती उघडी जागा राहिली आहे. आत लाकूड काळं पडलंय, आणि हात फिरवला तर दातांच्या रेघा बोटांना लागतात. झाड ती काही विसरलेलं नाही.

दर जयंतीला पोरं चुन्याची बादली घेऊन येतात. चुना माझा नवरा कालवतो, स्वतःच्या हातानं, आणि चाखून बघतो. चाखायचं कारण आता उरलेलं नाही, दारात एकही घोडी नाही. एका वर्षी एक नवा पोरगा कुंचला घेऊन त्या जागेवर फिरवायला निघाला. मी मधे हात घातला.

"आजी, तेवढंच काळं राहतंय," तो म्हणाला. "वाईट दिसतं."

"दिसू दे," मी म्हटलं. "आमच्या घरचं कुणीतरी इथं उभं होतं. हलवायला आले होते, हललं नाही."

पोरगा नवऱ्याकडं बघायला लागला. नवऱ्यानं त्याच्या हातातला कुंचला घेतला, सगळं खोड पांढरं केलं आणि तेवढी जागा सोडली.